गाठीचं नाव काय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या तळाशी, 'इम्प्रेशन' या शब्दासमोर, कधीकधी एवढंच लिहिलेलं असतं: 'एसओएल इन राइट लोब ऑफ लिव्हर.' एसओएल म्हणजे स्पेस ऑक्युपाइंग लेजन. मराठीत सांगायचं तर लिव्हरमध्ये जागा अडवून बसलेलं काहीतरी. यापलीकडे त्या तीन अक्षरांना अर्थ नाही. गाठ कर्करोगाची आहे असं ती सांगत नाहीत आणि नाही असंही सांगत नाहीत. पण पंचविशीतल्या मुलाचा मुतखडा शोधायला गेलेल्या आईवडलांना हे समजावणार कोण? दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर शोधाशोध केलेली असते आणि त्या रात्री घरात कुणालाही जेवण जात नाही.

आपल्याकडे लिव्हरच्या कर्करोगाची नेहमीची वाट ठरलेली आहे. हेपटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेह आणि वजनातून आलेलं फॅटी लिव्हर. त्यातून वर्षानुवर्षांनी सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक आणि खडबडीत होणं. आणि मग त्या खडबडीत लिव्हरमध्ये पन्नाशी-साठीला उगवलेली गाठ. विशी-तिशीतल्या ज्या माणसाचं बाकीचं लिव्हर निरोगी आहे, त्याच्या गाठीला हा हिशेब सहसा लागू पडत नाही. त्या वयाच्या गाठींची यादीच वेगळी. त्यात बऱ्याच निरुपद्रवी असतात, काही जंतूंनी केलेल्या असतात, आणि थोड्या खरोखर दुर्मीळ ट्यूमर असतात. एकीला हातही लावायचा नसतो, दुसरीसाठी अर्धं लिव्हर काढावं लागतं, तिसरीसाठी आख्खं लिव्हर बदलावं लागतं. सगळं अडतं ते नावावर. बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. गाठीचं नाव ठेवणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र रुग्णाने बहुधा कधी पाहिलेलाही नसतो. त्याच्यापर्यंत नीट तुकडा आणि नीट माहिती पोचवणं, एवढं काम मात्र रुग्णाच्या घरचे चांगलं करू शकतात.

दुर्मीळ आजारांकडे वळण्याआधी आपल्या मातीतले साधे आजार पाहून घ्यावेत. तरुण पुरुष, थंडीताप, उजव्या बरगडीखाली ठणका: अशा वेळी लिव्हरमधली गाठ पुष्कळदा अमीबाने केलेला गळू निघते आणि औषधाने बरी होते. दुसरा आजार हायडॅटिडचा. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये पाण्याचा फुगा वाढत जातो. शेळ्यामेंढ्या आणि कुत्री जिथे एकत्र, तिथे हा जास्त. यात पुरेशी तयारी न करता सुई घातली तर आतलं पाणी पोटात सांडून जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. म्हणून ही शंका दूर झाल्याशिवाय बायोप्सीची घाई करायची नसते. तिसरा आजार क्षय. लिव्हरमधली क्षयाची गाठ स्कॅनवर हुबेहूब ट्यूमरसारखी दिसू शकते.

उलटी चूकही होते. एम्ब्रायोनल सार्कोमा नावाचा एक आक्रमक ट्यूमर मुख्यतः सहा ते दहा वर्षांच्या मुलांत होतो, पण कॉलेजच्या वयातही गाठतो. आत जेलीसारखा मऊ असल्यामुळे सीटी स्कॅनवर तो पाण्याच्या गाठीसारखा दिसतो, आणि हायडॅटिड समजून त्याच्यावर उपचार झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. गंमत अशी की सोनोग्राफीत तीच गाठ भरीव दिसते. सीटी म्हणते पाणी, सोनोग्राफी म्हणते मांस. दोन तपासण्यांचं असं पटत नसेल तर दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरसमोर शेजारी ठेवून प्रश्न विचारायला हवा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या केंद्रांत झालेल्या तपासण्या एकत्र कुणी पाहिलेल्याच नसतात, असं पुष्कळदा होतं.

प्रत्येक गाठीत सुई घालायची नसते, हेही सांगायला हवं. लिव्हरमधली सर्वांत नेहमीची निरुपद्रवी गाठ म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता. ती चांगल्या एमआरआयवर ओळखता येते. काही गाठी काढायच्याच असतात, तिथे सर्जन सरळ ऑपरेशन करून आख्खी गाठ पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. बायोप्सी ठरलीच तर आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि प्लेटलेट पाहतात. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपणहून सांगावी.

आता बरणीबद्दल. मोठ्या रुग्णालयात ही व्यवस्था आतल्या आत होते, पण तालुक्याच्या गावी ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या हातात प्लास्टिकची बरणी येते आणि 'हे लॅबमध्ये देऊन या' असा निरोप. सुईने काढलेला तुकडा तुटक्या शेवईएवढा असतो. तो फॉर्मलिनमध्येच बुडालेला हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. बरणी फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. बर्फाचे कण पेशी फाडतात. वाटेत फॉर्मलिन सांडलं म्हणून त्यात पाणी ओतायचं नाही. झाकणावर नको, बरणीच्या अंगावर नाव, वय आणि तारीख लिहिलेली आहे का, ते पाहायचं, झाकणं बदलतात. क्षयाची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो, कारण फॉर्मलिन जंतू मारतं आणि मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी बोलायची असते, नंतर उपयोग नाही.

बरणीसोबत जाणारा फॉर्म हा दुसरा कच्चा दुवा. त्यावर पुष्कळदा इतकंच असतं: 'लिव्हर एसओएल, फॉर एचपीई.' एचपीई म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी तपासणी. रुग्ण तरुण आहे, हेपटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह आहेत, अल्फा फीटोप्रोटीन किती आहे, स्कॅनवर गाठीच्या मधोमध चट्टा दिसतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे कुणीच लिहिलेलं नसतं. पॅथॉलॉजिस्टने मग अंधारात ओळखायचं. सीटीच्या रिपोर्टची झेरॉक्स आणि अर्ध्या पानाचा इतिहास सोबत जोडला तर त्याचं काम निम्मं सोपं होतं.

या माहितीचं मोल सर्वांत जास्त कळतं ते एका विशिष्ट कर्करोगात. त्याची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९५६ मध्ये लॉस एंजेलिसचे पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी १४ वर्षांच्या एका मुलीच्या लिव्हरमधली गाठ नोंदवली. तिला सिऱ्होसिस नव्हता, आणि गाठीच्या पेशी नेहमीच्या कर्करोगाच्या पेशींहून निराळ्या दिसत होत्या. पुढची २४ वर्षं ही नोंद जवळजवळ तशीच पडून राहिली. १९८० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अशा रुग्णांचा वेगवेगळा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतल्या २३ रुग्णांच्या अभ्यासात स्वतः एडमंडसनही होते. तेव्हापासून या आजाराला फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हे नाव पक्कं झालं. अमेरिकेच्या नोंदींत लिव्हरच्या शंभर कर्करोगांत असा एकही पुरा भरत नाही. पण जे भरतात ते बहुतेक किशोरवयातले, विशीतले, तिशीतले. दारू नाही, हेपटायटिस नाही, घरात कुणाला हा आजार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हा कर्करोग एकदा पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट तो विसरत नाही. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवतात. या गाठीच्या पेशी मोठ्या, ऐसपैस, गर्द गुलाबी. आतलं द्रव्य रव्यासारखं दाणेदार, कारण पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात. केंद्रकाच्या मधला ठिपका कपाळावरच्या टिकलीसारखा ठसठशीत. आणि पेशींच्या झुबक्यांमधून तंतूंचे पट्टे समांतर धावतात, चिरोट्याच्या पदरांसारखे. नावातलं 'लॅमेलर' हे या पदरांवरून आलं.

मग चूक होते कशी? शेवईएवढ्या तुकड्यात नेमके पदर येतीलच असं नाही. दुसरीकडे, नेहमीच्या कर्करोगाच्या एका प्रकारातही तंतू भरपूर असतात. म्हणून नुसत्या रंगीत स्लाइडवर न थांबता इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, बोलीत आयएचसी. पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी ही तपासणी. फायब्रोलॅमेलर कार्सिनोमाच्या पेशी लिव्हरची खूण असलेलं हेपपार-१ दाखवतात आणि त्याबरोबर सीके-७ आणि सीडी-६८ ही दोन्हीही दाखवतात. या दोघांपैकी एक नसेल तर पॅथॉलॉजिस्टने नावाचा पुन्हा विचार करायचा असतो. रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन मात्र इथे फसवतं. नेहमीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये ते पुष्कळदा वाढतं. यात ते सहसा नॉर्मल असतं. 'मार्कर नॉर्मल आहे, म्हणजे कॅन्सर नाही' हे वाक्य तरुण रुग्णाच्या बाबतीत कुणी बोललं तर ते ऐकून घ्यावं आणि तपासणी पुढे चालू ठेवावी. उलट मार्कर खूप वाढलेला असेल तर विशीतल्या मुलात अंडकोषाची तपासणी विसरू नये आणि मुलीत गर्भधारणेची. दोन्हींत हे प्रथिन वाढू शकतं.

या आजाराचं मूळ शोधण्यात एका शाळकरी मुलीचा हात आहे. न्यूयॉर्कच्या एलाना सायमनला वयाच्या १२व्या वर्षी फायब्रोलॅमेलर कार्सिनोमाचं निदान झालं. त्याआधी तिच्या पोटदुखीचं कारण सापडायला बराच काळ गेला होता. ऑपरेशनने ती बरी झाली. तिचे वडील सॅनफर्ड सायमन रॉकफेलर विद्यापीठात पेशींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. शाळेत असतानाच तिने वडील आणि तिचं ऑपरेशन करणारे सर्जन मायकेल लाक्वाग्लिया यांच्याबरोबर या कर्करोगाची जनुकं वाचण्याचं काम अंगावर घेतलं. अडचण होती ती तुकड्यांची. इतक्या दुर्मीळ आजाराच्या गाठी आणायच्या कुठून? तिने व्हिडिओ करून इतर रुग्णांना थेट आवाहन केलं. शेवटी १५ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या आणि पंधराच्या पंधरांत एकच बिघाड सापडला, जो त्याच रुग्णांच्या निरोगी लिव्हरमध्ये नव्हता. १९व्या गुणसूत्रातला सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळून पडलेला, आणि त्यामुळे डीएनएजेबी-१ आणि पीआरकेएसीए ही दोन दूरची जनुकं एकमेकांना चिकटलेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे संशोधन 'सायन्स' नियतकालिकात आलं. एडमंडसनच्या नोंदीनंतर ५८ वर्षांनी. पुढच्या वर्षी जानेवारीत व्हाइट हाउसमधल्या एका कार्यक्रमात अध्यक्ष ओबामांची ओळख करून द्यायला हीच मुलगी उभी होती.

हा शोध लवकरच निदानाच्या उपयोगी पडू लागला. चिकटलेलं जनुक 'फिश' नावाच्या तपासणीत किंवा आरएनए वाचून दाखवता येतं, तेही जुन्या मेणाच्या ठोकळ्यातून. पुढे असं दिसलं की स्वादुपिंडाच्या आणि पित्तनलिकेच्या एका वेगळ्या प्रकारच्या गाठीतही हीच जोडगोळी सापडते. तेव्हा नुसत्या जनुकावर नाव ठेवता येत नाही, स्लाइड पाहावीच लागते. नवं यंत्र आलं म्हणून पॅथॉलॉजिस्टचा डोळा निवृत्त झालेला नाही.

वाचकाने यातून उचलायची गोष्ट सोपी आहे. रुग्ण चाळिशीच्या आतला आहे, सिऱ्होसिस नाही आणि रिपोर्टवर नुसतंच 'हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा' लिहिलं आहे, असं असेल तर डॉक्टरांना विचारावं: हा फायब्रोलॅमेलर असू शकतो का? सीके-७ आणि सीडी-६८ केलं आहे का? असं विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उत्तरावर ऑपरेशनची आखणीही अवलंबून असते, कारण हा कर्करोग जवळच्या लसिका ग्रंथींत लवकर पसरतो आणि त्या ग्रंथीही काढाव्या लागतात. बाकीचं लिव्हर निरोगी असल्यामुळे मोठा भाग काढूनही माणूस उभा राहतो. उरलेलं लिव्हर वाढून जागा भरून काढतं.

१९८०च्या त्या अभ्यासांनंतर 'हा सौम्य कॅन्सर' अशी समजूत पसरली. ती आजही कानावर येते आणि ती मान्य करण्यासारखी नाही. रुग्ण तरुण आणि लिव्हर धडधाकट, म्हणून निकाल बरे दिसत होते. सिऱ्होसिस नसलेल्या इतर लिव्हर कॅन्सरच्या शेजारी ठेवलं तर फारसा फरक उरत नाही. गाठ परत येते, कधी काही वर्षांनी. म्हणून पोटाचा आणि छातीचा स्कॅन ठरलेल्या अंतराने वर्षानुवर्षं करावा लागतो. परत आलेली गाठ पुन्हा काढताही येते. ठरलेली, खात्रीची अशी केमोथेरपी अजून नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या चिकटलेल्या जनुकाच्या प्रथिनाविरुद्ध लस आणि सोबत इम्युनोथेरपी अशा उपचारांच्या चाचण्या झाल्या आहेत. अशा चाचणीत जायचं झालं तर पहिली मागणी असते ती गाठीत ते जनुक असल्याच्या पुराव्याची.

एक धोक्याची खूण मात्र प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. या आजारातला रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, आणि लिव्हरच्या तपासण्या ठीक दिसत असल्या तरी रक्तातला अमोनिया लगेच तपासायला सांगावं. या कर्करोगात सिऱ्होसिस नसतानाही अमोनिया वाढून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. 'टेन्शन आलंय' म्हणून झोपवून ठेवू नये.

फायब्रोलॅमेलरचा स्कॅनवरचा जुळा भाऊ म्हणावा अशी एक गाठ आहे: फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, एफएनएच. दोघांनाही मधोमध चट्टा, दोघंही तरुण आणि निरोगी लिव्हरमध्ये. स्वभाव मात्र दोन टोकांचे. एफएनएच हा ट्यूमरच नव्हे. रक्तपुरवठ्यातल्या गडबडीला लिव्हरने दिलेला तो वाढीव प्रतिसाद. रिपोर्टवर हे नाव पक्कं आलं तर पेढे वाटायला हरकत नाही. ऑपरेशन नको, गर्भनिरोधक गोळी बंद करायलाही नको. दोघांतला फरक एमआरआयवर बराचसा कळतो: एफएनएचचा चट्टा टी-२ चित्रांत उजळ दिसतो, फायब्रोलॅमेलरचा बहुधा काळसर, आणि त्यात कॅल्शियमचे खडे असू शकतात. शंका उरली तर आयएचसीत ग्लुटामिन सिंथेटेज हा रंग एफएनएचमध्ये नकाशावरच्या बेटांसारखा पसरतो. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही या रचनेला 'नकाशासारखी' असंच म्हणतात.

तिसरं नाव हेपॅटोसेल्युलर ॲडेनोमा. १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जेनेट बॉम आणि सहकाऱ्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या सात स्त्रियांमधल्या अशा गाठींची नोंद केली आणि गोळीचा संबंध पुढे आला. तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आजच्यापेक्षा बरंच जास्त असे. आज हा आजार दुर्मीळ आहे. कुणी घाबरून गोळी सोडायची गरज नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या चार गोळ्यांचा इथे प्रश्नच नाही. पण वर्षानुवर्षं चाललेल्या गोळीचं नाव डॉक्टरला आणि फॉर्मवर पॅथॉलॉजिस्टला कळायलाच हवं. तरुण मुलांच्या बाबतीत लपवली जाणारी गोष्ट वेगळी असते: जिममध्ये कुणीतरी दिलेली ॲनाबॉलिक स्टिरॉइडची इंजेक्शनं. घरच्यांसमोर मुलगा बोलणार नाही. डॉक्टरने एकट्याला विचारावं आणि घरच्यांनी त्या वेळी खोलीबाहेर जावं. ॲप्लास्टिक ॲनिमियासाठी दिलेल्या स्टॅनोझोलॉल किंवा डॅनॅझॉलचाही उल्लेख याच कारणासाठी करायचा.

ॲडेनोमा सौम्य असला तरी त्याच्या दोन खोड्या आहेत: तो फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि थोड्यांचा कर्करोग होऊ शकतो. कुणाचा होईल हे बऱ्याच अंशी जनुकांवरून कळतं, हे दाखवून दिलं फ्रान्समधल्या बोर्दोच्या पोलेट बिउलाक-साज आणि पॅरिसच्या जेसिका झुकमन-रॉसी यांच्या गटांनी. तेव्हापासून रिपोर्टवर नुसतं 'ॲडेनोमा' पुरेसं राहिलं नाही. बीटा-कॅटेनिन जनुकात विशिष्ट बदल असलेला प्रकार कर्करोगाकडे झुकतो, तो काढायचा. पुरुषातला ॲडेनोमा आकार कितीही असो, काढायचा. स्त्रीच्या बाबतीत गोळी बंद करून, वजन उतरवून साधारण सहा महिने वाट पाहतात. पाच सेंटिमीटरच्या वर राहिला किंवा वाढला तर काढतात. 'ॲडेनोमा आहे, चिंता नको' असं तोंडी सांगितलं गेलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या प्रकारचा?

नाव चुकलं तर काय होतं, याचा सर्वांत टोकाचा नमुना म्हणजे एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा. उच्चारायला अवघड, म्हणून डॉक्टरही ईएचई म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघालेला हा ट्यूमर स्त्रियांमध्ये थोडा जास्त. लिव्हरच्या कडेकडेने दोन्ही बाजूंना अनेक गाठी, कधी फुप्फुसातही. असा स्कॅन पाहून पहिला अंदाज 'पसरलेला कॅन्सर, शेवटची स्टेज' हाच निघतो. सूक्ष्मदर्शकाखालीही पेशींच्या पोटात छोटी पोकळी दिसते, ती दुसऱ्या अवयवातून आलेल्या कर्करोगाची आठवण करून देते. नीट पाहिलं तर त्या पोकळीत कधी एखादी लाल रक्तपेशी सापडते: ती पोकळी म्हणजे रक्तवाहिनी होण्याचा अर्धवट प्रयत्न. सीडी-३१ आणि ईआरजी हे रंग घेतले की उलगडा होतो; बहुतेक रुग्णांत सीएएमटीए-१ जनुकाची जोडणी सापडते, जी २०११ मध्ये उघड झाली. आणि मग सगळं चित्र बदलतं. ईएचई पुष्कळदा सावकाश वाढतो. काही रुग्णांना नुसतं लक्ष ठेवून चालतं. लिव्हर प्रत्यारोपणाचा विचार तर आजार लिव्हरबाहेर थोडा पसरलेला असतानाही होऊ शकतो, जो नेहमीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये होत नाही. तरुण माणसाच्या लिव्हरमध्ये अनेक गाठी, मूळ कुठेच सापडत नाही आणि प्रकृती मात्र बरी, अशा वेळी 'घरी घेऊन जा' हे शब्द स्वीकारण्याआधी तुकड्याचा आयएचसी झालेला असलाच पाहिजे.

रिपोर्टची भाषा समजून घेतली तर बराच गोंधळ टळतो. 'कन्सिस्टंट विथ' म्हणजे स्लाइड आणि माहिती जुळते आहे, पॅथॉलॉजिस्ट बऱ्यापैकी ठाम आहे. 'सजेस्टिव्ह ऑफ' किंवा 'फेव्हर्स' म्हणजे कल इकडे, पण खात्री नाही. 'ॲडव्हाइस: आयएचसी' ही ओळ शेवटी बारीक अक्षरात असते आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, ती असेल तर नाव अजून ठरलेलंच नाही. 'इनॲडिक्वेट' म्हणजे तुकडा अपुरा. तो निर्दोष निघाला असा त्याचा अर्थ नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते. 'कोरिलेट क्लिनिकली' म्हणजे मला पुरेशी माहिती दिलेली नाही, अशी सभ्य तक्रार. मोठ्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर गाठीचा आकार, काढलेल्या कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिनीत शिरकाव आहे का, किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित, आणि उरलेल्या लिव्हरची अवस्था एवढं असायला हवं. शेवटची बाब गाळली जाते, आणि तरुण रुग्णात तीच फार बोलकी असते.

दुर्मीळ नाव आलं की दुसरं मत घ्यावंच. त्यासाठी रुग्णाला पुन्हा टोचायची गरज नसते. प्रवास करायचा असतो तो मेणाच्या ठोकळ्याने, ज्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांचे ब्लॉक आणि स्लाइड तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा पाहतात. नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' या सेवेतून घरबसल्याही तज्ज्ञांचं मत मागता येतं. कागदावरचा रिपोर्ट तेवढा नेऊन भागत नाही. पहिल्या लॅबकडून ब्लॉक रीतसर मागता येतो. सही करून घ्यायचा, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवायचा आणि काम झालं की कुठे जमा केला त्याची पावती ठेवायची.

ब्लॉक मेणाचा असतो, हे उन्हाळ्यात विसरू नये. साधारण ५६ ते ६० अंशांना हे मेण वितळतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडून निघालेल्या कुटुंबाने तो उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. पिशवीत, सावलीत, हातासोबत ठेवावा. स्लाइड काचेच्या असतात, त्या कोऱ्या कागदात गुंडाळून कडक डबीत.

परळला निघताना फाइलमध्ये एवढं असू द्या: ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही, मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट, सीटी-एमआरआयची सीडी, हेपटायटिस बी आणि सी आणि अल्फा फीटोप्रोटीनचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदावर आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी, जिमच्या इंजेक्शनांसकट.